घाटरस्ता, सायकल आणि पन्नाशीचे हृदय

गाडीतून शंभर वेळा पाहिलेला रस्ता सायकलवरून पहिल्यांदा चढताना अगदी नवा असतो. मोटारीत बसलेल्याला चढ कळतो तो इंजिनाच्या आवाजावरून. सायकलवर तो मांड्यांना कळतो, श्वासाला कळतो आणि सगळ्यात आधी हृदयाला कळतो. साताऱ्यात राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने ठोसेघरचा रस्ता किती वेळा पाहिला असेल! पावसाळ्यात पाहुणे आले की धबधबा दाखवायला न्यायचे, पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या दाखवायच्या, येताना सज्जनगडावर माथा टेकायचा. पण गेल्या हिवाळ्यात, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, हाच रस्ता सायकलने करायचे ठरवले आणि लक्षात आले की या रस्त्याची आपल्याला काहीच माहिती नाही. चढ नेमका कुठे सुरू होतो, कुठल्या वळणावर तो उभा होतो, सावली कुठे आहे, पाणी कुठे मिळते, मोबाइलला रेंज कुठे जाते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर धड देता येईना.

आज आपल्याकडे चाळिशी-पन्नाशीतले असंख्य लोक सायकलकडे वळले आहेत. ही फार आनंदाची गोष्ट आहे. सुरुवात सपाट रस्त्यावर होते. सहा महिन्यांत २०-२५ किलोमीटरची सवय होते आणि मग घराजवळचा घाट खुणावू लागतो. पुणेकरांना बोपदेव आणि सिंहगड, कोल्हापूरकरांना पन्हाळा, आम्हाला यवतेश्वरचा आणि बोरण्याचा घाट. इथेच एक डॉक्टर म्हणून मला चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. सपाटीवर किती श्रम करायचे ते तुम्ही ठरवता. घाटात ते चढ ठरवतो. तो निर्णय पुन्हा आपल्या हातात घेणे, हेच घाटातल्या सायकलिंगचे सगळे शास्त्र आहे.

चढाचे गणित

जरा आकडेमोड करू. ७५ किलोचा माणूस आणि सायकल, पाणी वगैरे धरून १५ किलो, असे एकूण ९० किलो वजन आहे. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, ताशी २० किलोमीटर वेगाने जायला साधारण ८० वॅट शक्ती लागते. यात चाकांचे घर्षण आणि हवेचा विरोध हे दोनच खर्च असतात. आता रस्ता ६ टक्के चढाचा झाला, म्हणजे दर १०० मीटर अंतराला ६ मीटर उंची वाढू लागली. आता ९० किलो वजन वर उचलण्याचा खर्च येतो आणि तो बाकीच्या दोन्ही खर्चांना झाकून टाकतो. त्याच ८० वॅटमध्ये आता वेग मिळतो ताशी ५ किलोमीटर. म्हणजे चालण्याचा वेग!

इथे स्वाभिमान आडवा येतो. ताशी २० ने येणाऱ्या माणसाला ५ ने जाणे कमीपणाचे वाटते. तो निदान १० तरी राखू बघतो. त्या वेगाला त्याच चढावर सुमारे १६० वॅट लागतात, म्हणजे सपाटीच्या दुप्पट. आणि माणसाला आपण 'जरा जोर लावला' एवढेच वाटत असते.

हे शरीराच्या भाषेत किती होते? श्रम मोजायचे 'मेट' नावाचे एक सोपे माप आहे. स्वस्थ बसले असताना शरीर जेवढा प्राणवायू वापरते, तो १ मेट. आपल्या या माणसाला ८० वॅटसाठी पाच-सव्वापाच मेट लागतात आणि १६० वॅटसाठी साडेआठच्या आसपास. बैठे काम करणाऱ्या पन्नाशीतल्या अनेकांची कमाल क्षमताच ८ ते १० मेटच्या घरात असते. म्हणजे वेगातल्या त्या छोट्याशा हट्टापायी हा गृहस्थ मध्यम व्यायामातून थेट आपल्या मर्यादेच्या कडेवर जाऊन पोहोचला. आणि सपाटीवर दमल्यावर पेडल थांबवून सायकल घरंगळू देण्याची जी सोय असते, ती इथे नाही. पेडल थांबले की दोन-तीन सेकंदांत सायकल उभी राहते.

घाटात दम लागला की 'वर हवा विरळ आहे ना' असे बरेच जण म्हणतात. आपल्या सह्याद्रीपुरते तरी हे खरे नाही. सातारा समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे, चाळकेवाडीचे पठार अकराशेच्या आसपास. एवढ्या फरकाने हवेचा दाब जेमतेम पाच टक्के कमी होतो. दम लागतो तो चढामुळे, आणि तो आपल्या वेगाने आपणच ओढवून घेतलेला असतो.

दवाखान्यातला चढ, रस्त्यावरचा चढ

हृदयाची तपासणी करताना आम्ही डॉक्टरसुद्धा चढच वापरतो. छातीत दुखते म्हणून आलेल्या रुग्णाची 'टीएमटी' किंवा 'स्ट्रेस टेस्ट' करतात, ती आठवा. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी बसवलेली पद्धत आजही सर्वाधिक वापरात आहे. तीत पट्टा पहिली तीन मिनिटे ताशी २.७ किलोमीटर इतका संथ फिरतो, पण त्याला १० टक्के चढ दिलेला असतो. पुढच्या तीन मिनिटांत वेग ४ आणि चढ १२ टक्के, त्यापुढे वेग साडेपाच आणि चढ १४ टक्के. वेग इतका कमी असूनही बहुतेकांना तिसऱ्या टप्प्यात धाप लागते. चढ किती झपाट्याने हृदयाकडून काम काढून घेतो, याचा हा रोजचा पुरावा आहे.

या तपासणीत छातीला तारा जोडलेल्या असतात, ईसीजी सतत दिसत असतो, रक्तदाब मोजला जात असतो, शेजारी डॉक्टर उभा असतो आणि आणीबाणीची औषधे हाताशी असतात. घाटात हीच परीक्षा होते, पण तारा नसतात, डॉक्टर नसतो आणि जवळचे रुग्णालय वीस-पंचवीस किलोमीटर मागे राहिलेले असते. म्हणून परीक्षक व्हायची जबाबदारी आपल्यावरच येते.

व्यायामाने हृदय वाचते, मग व्यायाम करताना झटका कसा येतो, असा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारते. १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात याचे चांगले उत्तर मिळते. एरवी व्यायाम न करणाऱ्या लोकांनी अचानक जोरकस श्रम केले, तर पुढच्या तासाभरात हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता त्यांच्या नेहमीच्या शक्यतेच्या शंभराहून अधिक पट झाली. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा असे श्रम करणाऱ्यांत ती वाढ अडीच पटीहूनही कमी होती. एका तासापुरती मूळ शक्यता फारच थोडी असते, त्यामुळे शंभर पट ऐकून घाबरून घरी बसायचे कारण नाही. पण अर्थ स्पष्ट आहे. धोका श्रमांपेक्षा सवय नसलेल्या श्रमांत जास्त आहे. सोमवार ते शनिवार खुर्चीत आणि रविवारी एकदम घाट, हा सगळ्यात वाईट हिशेब.

'पित्त असेल' म्हणून सोडून दिलेले दुखणे

काही काळापूर्वी बावन्न वर्षांचे एक गृहस्थ बाह्यरुग्ण विभागात आले. वर्षभर नियमित सायकल चालवणारे, अंगाने सडपातळ, तंबाखू नाही, विडी-सिगारेट नाही. त्यांची तक्रार अशी, की घाट चढताना ठरावीक वळणाच्या आसपास छातीवर कोणीतरी हात ठेवून दाबल्यासारखे होते आणि ढेकर येतात. थांबले की चार-पाच मिनिटांत बरे वाटते. पुन्हा चढू लागले की पुन्हा होते. सपाटीवर मात्र काहीच नाही. सकाळी चहा घेऊन निघतो म्हणून पित्त होत असेल, असे समजून त्यांनी चहा बंद केला, पित्ताच्या गोळ्या घेतल्या. तिसऱ्या रविवारी पत्नीच्या आग्रहाने दवाखान्यात आले. निवांत बसून काढलेला ईसीजी अगदी व्यवस्थित होता. पण त्यांनी सांगितलेल्या दोन वाक्यांत निदान होते: चढावर येते, थांबले की जाते. पुढे अँजिओग्राफीत एका मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा सापडला, वेळेवर उपचार झाले आणि योग्य विश्रांतीनंतर सल्ल्यानुसार ते पुन्हा सायकलवर बसले.

हे उदाहरण सांगण्याचे कारण असे, की ते तंदुरुस्त दिसत होते आणि त्यांचा ईसीजी चांगला होता. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अरुंद झाल्या असल्या, तरी विश्रांतीत तो पुरवठा पुरतो. मागणी वाढली की तूट दिसते. पाणीपुरवठ्याची जुनी वाहिनी दुपारी ठीक वाटावी आणि सकाळी सगळ्यांनी एकदम नळ सोडले की वरच्या मजल्यावर पाणी चढू नये, तसे हे आहे.

म्हणून चढावर पुढीलपैकी काही झाले तर त्याच क्षणी थांबा: छातीत दाब, जळजळ किंवा आवळल्यासारखे वाटणे, दुखणे जबडा, मान, खांदा, डावा हात किंवा पाठीकडे जाणे, श्रमांच्या मानाने भलतीच धाप, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत अनियमित धडधड, थंड घाम. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसता कमालीचा थकवा, मळमळ किंवा धाप एवढीच लक्षणे असू शकतात. थांबल्यावर बरे वाटले तरी त्या दिवशी पुढे चढायचे नाही आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा घाटात जायचे नाही. आणि पाच-दहा मिनिटांतही दुखणे गेले नाही, तर १०८ ला फोन करा. सायकल चालवत खाली येण्याचे धाडस करू नका. अॅस्पिरिनची अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल, तर ३०० मिलिग्रॅमपर्यंत साधी अॅस्पिरिन चावून खाणे उपयोगी ठरते.

पस्तिशी-चाळिशीपुढच्या व्यक्तीने, विशेषतः मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल, धूम्रपान किंवा घरात कमी वयात हृदयविकार अशी पार्श्वभूमी असेल तर, घाटाची सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. स्ट्रेस टेस्ट हवी की नको हे तपासून ठरवता येते. ती चांगली आली म्हणजे आयुष्यभराचे प्रमाणपत्र मिळाले असे मात्र नाही. लक्षणांकडे लक्ष द्यावेच लागते.

गप्पा मारता येतात का?

मग चढावर श्रम मोजायचे कसे? मनगटावरची घड्याळे ठोके दाखवतात. '२२० वजा वय' हे कमाल ठोक्यांचे सूत्रही सर्वांना पाठ झाले आहे. पण ते सरासरीचे सूत्र आहे. एखाद्या माणसात ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकते. रक्तदाबासाठी 'बीटा ब्लॉकर' गटातली गोळी चालू असेल, तर ठोके श्रमांच्या मानाने वाढत नाहीत आणि घड्याळ खोटा दिलासा देते.

त्यापेक्षा जुनी आणि फुकट कसोटी म्हणजे बोलून पाहणे. एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले, तर श्रम मध्यम आहेत. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर ते जोरकस झाले. 'हो-नाही' एवढेच निघत असेल, तर उतरा किंवा वेग कमी करा. नव्या घाटात पहिले काही आठवडे पूर्ण वाक्याच्या आतच राहावे. आमच्या गटात एक निवृत्त शिक्षक आहेत. चढावर त्यांच्या गोष्टी थांबल्या की आम्ही सगळेच वेग कमी करतो.

चढताना आणखी एक सवय दिसते: दात-ओठ खात हँडल घट्ट आवळायचे आणि श्वास कोंडून जोर लावायचा. श्वास कोंडून केलेल्या जोराने रक्तदाब एकदम उसळतो. हात सैल, खांदे खाली आणि श्वास मोकळा ठेवला, तर तेच काम कमी त्रासात होते.

गिअर गुडघ्यासाठीही

ताशी ६ च्या वेगाने पेडल गोल फिरत राहायचे तर सायकलला तसा हलका गिअर हवा. आपल्या जुन्या काळ्या सायकलीत पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारायचे तर वेग ताशी १८ पाहिजे. ६ टक्के चढावर त्याला तीनशे वॅटच्या वर शक्ती लागते आणि ती कसलेल्या खेळाडूचीच असते. म्हणून आपण मिनिटाला ३० फेरे मारत, उभे राहून, सगळे वजन पेडलवर टाकून चढतो. शक्ती तेवढीच ठेवून फेरे निम्मे केले, की प्रत्येक फेऱ्यात लावायचा जोर दुप्पट होतो. हा जोर गुडघ्याच्या वाटीमागच्या कूर्चेवर येतो. घाट सुरू केल्यावर महिन्याभरात 'जिना उतरताना गुडघा पुढून दुखतो' म्हणत येणाऱ्यांची गोष्ट बहुतेक हीच असते.

पुढे तीन चकत्यांच्या गिअरवाल्या साध्या हायब्रिड सायकलीचा सर्वांत हलका गिअर एका फेऱ्यात पावणेदोन मीटरच्या आसपास पुढे नेतो. मग ताशी ६ च्या वेगातही मिनिटाला ६० फेरे राहतात आणि गुडघा सुखी राहतो. सायकल घेताना रंग आणि वजनाच्या आधी दुकानदाराला विचारायचा प्रश्न हा, की मागची सर्वांत मोठी चकती किती दात्यांची आहे. जितके दाते अधिक, तितका घाट सोपा. चढ सुरू होण्यापूर्वीच गिअर हलका करावा. जोर असताना बदलायला गेले की साखळी कुरकुरते आणि कधी उतरतेही. बैठकीची उंची अशी असावी, की पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. बैठक खाली असली तर गुडघ्याचा त्रास आणखी वाढतो.

आणि एवढे करूनही जमले नाही, तर उतरून सायकल हातात धरून चालावे. यात शरम वाटायचे काही कारण नाही. बोरण्याच्या घाटात मी चालत होतो तेव्हा डोक्यावर सरपणाचा भारा घेतलेल्या एका आजींनी विचारले, "सायेब, यष्टी यील की आता, कशापायी दमताय?" त्यांच्या डोक्यावरचे ओझे माझ्या सायकलीपेक्षा जड होते आणि त्यांचा श्वास माझ्यापेक्षा संथ. रोजच्या सवयीचे श्रम हृदयाला कसे घडवतात, यावर याहून चांगले व्याख्यान मी ऐकलेले नाही.

नवा रस्ता टप्प्याटप्प्याने

अनोळखी चढ ओळखीच्या चढापेक्षा अवघड वाटतो, यामागेही शरीरशास्त्र आहे. शेवट कुठे आहे हे ठाऊक असले की मेंदू आपल्याकडच्या शक्तीची आपोआप वाटणी करतो. वळणापलीकडे काय आहे ते माहीतच नसेल, तर ती वाटणी चुकते. एक तर सुरुवातीलाच सगळे खर्च होते, नाही तर उगाच धास्ती वाटत राहते.

म्हणून आम्ही ठोसेघरचा रस्ता एका दिवसात केला नाही. पहिल्या रविवारी समर्थ मंदिराकडून बोगदा ओलांडून उरमोडीच्या खोऱ्यात उतरलो आणि सज्जनगडाच्या पायथ्याच्या दिशेने थोडे जाऊन परतलो. तेवढ्यातच एक धडा मिळाला. जाताना जो सुखाचा उतार असतो, तो येताना दमलेल्या पायांना बोगद्यापर्यंतचा चढ होऊन भेटतो. परतीसाठी शक्ती राखून ठेवायची हे त्या दिवसापासून ठरले. दुसऱ्या रविवारी बोरणे घाटाच्या मध्यापर्यंत, तिसऱ्या खेपेला ठोसेघर आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी चाळकेवाडीचे पठार. प्रत्येक वेळी मागच्यापेक्षा थोडेच पुढे. मधल्या दिवसांत आठवड्यातून तीन-चार वेळा सपाटीवर अर्धा-पाऊण तास सायकल चालूच होती. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. घाटाचा पाया तिथे घातला जातो.

टप्प्याटप्प्याने जाण्याचा दुसरा फायदा म्हणजे रस्ता दिसतो. ताशी ६ च्या वेगात कारवीची झुडपे दिसतात, उरमोडी धरणाचे पाणी प्रत्येक वळणावर नव्या कोनातून दिसते, वाड्यांवरचे कुत्रे कोणत्या ठिकाणी अंगावर येतात तेही कळते. पाण्याची आणि चहाची ठिकाणे, रेंज जाणारी वळणे, सैल खडी पडलेला भाग, हे सगळे आता आमच्या वहीत आहे. घरच्यांना कोणत्या वेळी कुठे असू ते सांगून निघायचे आणि शक्यतो एकट्याने अनोळखी घाटात जायचे नाही, हे नियमही त्यात आले.

खाण्यापिण्याचा हिशेब सोपा आहे. चढताना वेग कमी, त्यामुळे अंगाला वारा लागत नाही आणि घाम खूप येतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट पाणी घ्यावे. तासापेक्षा जास्त चालणार असेल तर लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, केळे किंवा चिक्की जवळ ठेवावी. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी साखर खिशात ठेवावीच. श्रमांत स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढतात आणि हा परिणाम संध्याकाळपर्यंत, कधी रात्रीपर्यंतही टिकतो. वजन कमी करायला घाट चढणाऱ्यांसाठी एक कटू सत्य: ४०० मीटर उंची चढायला शरीराचे साधारण साडेतीनशे-पावणेचारशे किलोकॅलरी खर्च होतात. वर पोहोचून घेतलेली तर्रीदार मिसळ ते सगळे प्रेमाने परत करते.

वर पोहोचल्यावर एकदम थांबून आडवे होऊ नये. पायांच्या स्नायूंची हालचाल थांबली की तिथल्या मोकळ्या झालेल्या रक्तवाहिन्यांत रक्त साठते, रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. पाच मिनिटे सावकाश चालावे, मग बसावे.

उताराला वेगळी शिस्त

चढ हृदयाची परीक्षा घेतो, उतार हाडांची. ४०० मीटर उतरताना ९० किलो वजनातून जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात लिटरभर पाण्याला उकळी आणता येईल. यातली काही हवेत विरते, उरलेली ब्रेकला उष्णतेच्या रूपात झेलावी लागते. ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा वळणापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून वेग कमी करावा आणि वळणात ते सोडावेत. ताशी ४० किलोमीटर वेगाने पडणे म्हणजे सव्वासहा मीटर, म्हणजे जवळजवळ दोन मजले उंचीवरून पडण्यासारखे आहे. ताशी २५ ला तीच उंची अडीच मीटर होते. हेल्मेट हवेच, आणि तेही हनुवटीखाली पट्टा लावलेले. हँडलला अडकवलेले हेल्मेट फक्त हँडलचे रक्षण करते. घामाने भिजलेल्या अंगावर उताराचा वारा लागला की बोटे बधिर होतात आणि ब्रेक नीट दाबले जात नाहीत. म्हणून हिवाळ्यात एक पातळ जाकीट जवळ असावे. धुक्यात आणि मुसळधार पावसात घाट टाळावा. दरडी आणि समोरून येणारी वाहने दोन्ही उशिरा दिसतात.

आता राहिली प्रगती मोजण्याची गोष्ट. लोक मोबाइलवर वेग आणि अंतर बघतात, इतरांशी तुलना करतात. माझा सल्ला असा, की घाटातला एकच ठरावीक तुकडा निवडा. दोन मैलांच्या दगडांमधला असला तरी चालेल. महिन्यातून एकदा तो गप्पा मारता येतील अशा वेगाने चढा. किती वेळ लागला, वर पोहोचताच नाडीचे ठोके किती होते आणि एका मिनिटाच्या विश्रांतीनंतर ते किती उतरले, एवढे तीन आकडे लिहून ठेवा. हृदय तयार होऊ लागले की तेवढ्याच वेळेत तोच चढ कमी ठोक्यांत होतो आणि थांबल्यावर ठोके लवकर उतरतात. कधी आकडे अचानक उलटे गेले, नेहमीच्या चढावर विनाकारण धाप लागू लागली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. रुग्णाने आणलेला असा कागद आम्हाला अर्ध्या तपासणीइतका उपयोगी पडतो.